आतला फोटो

बाहेरून विमान कुणीही ओळखतं.
कुंपणाला लटकलेली पोरंसुद्धा
शेपटी दिसली की नाव ओरडतात.

आमच्याकडे, तांपेरेच्या संग्रहालयात, मागल्या खोलीत,
दर गुरुवारी येतात ते आतले फोटो.
कुणाचे तरी वडील गेलेले असतात,
कपाट आवरताना सापडतं पाकीट:
वीस तबकड्या, एक दांडा, थोडा अंधार,
पाठीमागे काही लिहिलेलं नाही.

ऑलिस हिएतानेन भिंग पुसतो. घाई करत नाही.
आधी बघायचं, उंची मीटरमध्ये आहे की फुटांत.
मग पाट्यांची भाषा. मग होकायंत्र कुठे टांगलंय,
डोक्यावर की गुडघ्यांमध्ये.
शितावरून भात, असं म्हणावं तर
इथं भात कधीच शिजून संपलेला,
पातेलंही मोडीत गेलेलं,
आणि हे एकच शीत
चार बोटांएवढ्या कागदाला चिकटून राहिलेलं.

ओइवा रुओहो एकदा तीन आठवडे भांडला
एका झाकणासाठी. गोल पत्रा, चार स्क्रू,
जिथं घड्याळ असायला हवं तिथं नुसता पत्रा.
"घड्याळ परवडलं नाही," तो म्हणाला,
"म्हणजे आपलंच."
आणि निघालं आपलंच.

पण या नोव्हेंबरात आलेला एक फोटो
कुणालाच दाद देईना.
थ्रॉटल डाव्या हाताला, ट्रिमचं चाक लाकडी,
उंचीमापक जर्मन, वेगमापक इंग्रजी,
इंधनाचा काटा कुठल्यातरी ट्रकचा.
"उधारीचा संसार," ऑलिस पुटपुटला.
साडेतीनला बाहेर अंधार पडला.
ओइवाने दिवा खाली ओढला,
पुस्तकं उघडली, मिटली, पुन्हा तीच उघडली.
मी रजिस्टरात लिहिलं: अनोळखी, क्रमांक दोनशे बारा,
आणि कॉफी ओतायला उठले.

तेव्हा ताइमी कुओप्पाला,
जी येते केवळ बसचा पास फुकट आहे म्हणून
(असं ती सांगते),
जिला तबकड्यांमधलं ओ की ठो कळत नाही,
म्हणाली, "ती सीट जरा दाखवा."

सीट कुणी बघितलीच नव्हती.
फोटोच्या तळाशी, अर्धी कापली गेलेली
चामड्याची उशी, आणि तिच्या कडेची शिवण:
सात टाके सरळ, आठवा तिरपा.
सात सरळ, आठवा तिरपा.

"मशीनचा एक दात तुटका होता.
फोरमन म्हणायचा, बदलू, बदलू.
एकोणीस वर्षांची होते मी.
आठवा टाका हाताने मारायचे,
नाहीतर सगळंच उसवायचं."

एकच बांधलं होतं, म्हणाली. अकरा वेळा उडालं.
मग वरून कागद आला, कागदामागून करवती आल्या.
कागदावर नाव नव्हतं, आकडा होता.
शिवणखात्यातल्या आम्ही बायका
त्याला कॉफीची किटली म्हणायचो;
उभं असलं की नाकातून तेल ठिबकायचं.

"चालवायचं कोण?" ऑलिसने विचारलं.
तिने भिंग उलटं धरलं, मग सुलटं.
"नाव माहीत नाही. उंच होता.
निरोप आला होता, उशी दोन बोटं पातळ करा,
डोकं छताला लागतं.
केली. रात्री थांबून.
त्याला कधी बघितलं नाही."

कॉफी निवली होती. कुणी काही म्हणालं नाही.
मी 'अनोळखी' खोडून पेन्सिलीने लिहिलं:
कॉफीची किटली.
"शाईने लिही," ओइवा म्हणाला.
पुढल्या रकान्यात वैमानिकाचं नाव विचारलेलं असतं.
तिथं लिहिलं: उंच.

मग पुढचं पाकीट फोडलं.
नऊ तबकड्या, काचेला तडा,
कोपऱ्यात कुणाचा तरी हातमोजा.
या वेळी तिघंही आधी खाली वाकले, सीटकडे.

सीट फोटोत आलीच नव्हती.