दोन मिली

सकाळी साडेसहाला रामटेकडीच्या थांब्यावर उतरते.
खांद्यावर निळी शीतपेटी, आत बर्फाच्या लाद्या.
पोरं ओरडतात, आइसक्रीमवाली आली!
तिसऱ्या दिवशी त्यांना कळतं पेटीत काय आहे,
मग बोळ रिकामा.

कस्तुरा अवघडे पळत नाही.
दारातल्या दगडावर पोराला मांडीत आवळून बसते.
किती काढणार?
दोन मिली.
मिली म्हणजे?
अर्धा चमचासुद्धा नाही, बाई.
ती त्याच्या दंडाकडे बघते.
एवढ्यात तुम्हाला सगळं कळतंय?

सगळं नाही.
मागच्या पत्र्याच्या शेडात रात्री बॅटऱ्या फुटतात,
कढईत शिसं वितळतं, आणि पहाटेपर्यंत
धूर उतरत राहतो दोरीवरच्या कपड्यांवर,
झाकून ठेवलेल्या पिठावर.
त्यातलं किती प्रणितच्या अंगात मुक्कामाला आलं,
एवढंच.

फॉर्मवर नाव लिहायचं नाही.
नावाच्या जागी आर-शून्य-चार-एक.
नाव लिहा की, कस्तुरा म्हणते, चोरी केलीय का त्यानं?
मी गोपनीयता समजावते, त्या छापील मराठीत
जी माझ्याही घरात कुणी बोलत नाही.
ती ऐकून घेते. पोराला सांगते,
एकेचाळीस झालास बघ तू.

हात आधी साबणानं, मग पाण्यानं, मग स्पिरिटनं.
कातडीवरची धूळ सुईबरोबर आत गेली
तर आकडा खोटा येतो.
म्हणजे खरा आकडा हवा
तर आधी पोरगं धुऊन घ्यावं लागतं.
कापसाचा तिसरा बोळाही राखाडीच निघाला.

तीन आठवड्यांनी चिठ्ठी घेऊन गेले.
एकतीस.
कितीपैकी? प्रणितनं विचारलं.
शाळेत त्याला पन्नासपैकी नऊ पडतात,
ह्याच्या कानात काही शिरतच नाही, असं बाई म्हणतात.
इतका मोठा आकडा पहिल्यांदाच आलाय.
चिठ्ठी दप्तरात ठेवू का?

पाचच्या आत हवं, मी कस्तुराला सांगते.
खरं तर काहीच नको.
मग औषध द्या.
एवढ्याला देत नाहीत.
कितीला देतात?
पंचेचाळीसला.
ती बोटांवर मोजते.
अजून चौदा.

मी पाठ म्हणते: पालेभाजी, दूध, गूळ-शेंगदाणे,
जेवायच्या आधी हात, कामाचे कपडे घराबाहेर.
बाहेर म्हणजे कुठं, ती विचारत नाही.
दहा बाय दहाच्या खोलीत नवरा रात्रपाळी करून झोपलाय,
त्याचे बूट पोराच्या अंथरुणाला टेकलेले.
शेडाबद्दल फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी समासात बारीक अक्षरात लिहिते
आणि ऑफिसात तो समास कापून
कागद स्कॅन होतो.

सासरा कोपऱ्यात खोकत होता. मध्येच म्हणाला,
पूर्वी शिसं ओतायचे म्हणं आमच्या कानात,
ऐकलं म्हणून.
आता ऐकायच्या आधीच ओतत्यात.
आणि हसला. हसू पुन्हा खोकल्यात गेलं.
हे कुठल्या क्रमांकाखाली नोंदवू?

तुलनेसाठी माझंही रक्त घेतलं होतं.
राहणार धनकवडी, पदवीधर, धोका नाही.
माझे आठ आले.
हळद असेल, सर म्हणाले, किंवा कल्हईचं एखादं भांडं,
असू शकतं काहीही, आणि पुढचा कागद उलटला.

त्या संध्याकाळी चपला जिन्यातच काढल्या.
ओढणी कठड्यावरून झटकली तर
खालच्या मजल्यावरच्या काकू वर बघायला लागल्या.
दार उघडलं. मुलगी धावत आली.
थांब, म्हटलं, हात लावू नकोस मला.
ती थांबली,
दोन्ही हात तसेच पसरलेले.