उपाशीपोटी

साखर पेठेतल्या लॅबचं शटर मी सातला वर करते.
पहिला रोजचा कुणीतरी साखरवाला,
दुसरा हा.
नागेश चिलवेरी, वय चोवीस.
दंड पुढे केला की शीर शोधावी लागत नाही,
सुतळीसारखी वरच आलेली.

जिल्ह्याच्या स्पर्धेला नऊ दिवस होते तेव्हा.
मे महिना, पारा चव्वेचाळीस,
आणि याची बोटं थरथरत होती.
"छातीत धोटा पळतोय मॅडम," म्हणाला.
बाप लूमवर होता त्याचा,
उपमा शोधावी लागली नसेल.

संध्याकाळी मशीननं आकडा दिला : ०.०१.
म्हणजे मेंदूनं गळ्याला निरोप धाडणंच सोडलंय.
गळ्यात फुलपाखरू असतं, असं पुस्तकात लिहितात.
मला ते कधी पटलं नाही.
मला तो घरातलाच कारखाना वाटतो, चार मागांचा.
बाहेरून आयता माल येऊन पडायला लागला
की मालक बटण बंद करतो,
कामगार उंबऱ्यावर बसून राहतात.
उद्या बोलावलं तर उठतील?
बहुतेक उठतात.
किती दिवस बसले होते, त्यावर आहे.

त्याच आठवड्यात त्याची अम्मा आली.
नरसम्मा, विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून,
भर उन्हात अंगावर चादर.
"थंडी वाजते गं. बोटं सुजलीत, विडी वळत नाही."
अकरा वर्षं ती पहाटे एक गोळी घेते,
उपाशीपोटी, मग अर्धा तास चहाकडे बघतसुद्धा नाही.
तिचा कारखाना कधीच भंगारात गेलाय,
ती गोळी हाच तिचा माल.
आकडा : अठ्ठावीस.
"गोळ्या चुकतायत का, मावशी?"
"बाटली लवकर संपते. पैसे होईपर्यंत तशीच राहते.
मीच मोजायला चुकत असेन."

रोज हजार विड्या मोजणारी बाई.
पंचवीसचा एक कट्टा, झोपेतसुद्धा.

दोन्ही कागद मी शेजारी ठेवले.
आडनाव एक.
माझं काम सुई, कापूस, चिकटपट्टी.
तरी बोलले.

तो बराच वेळ भिंतीवरचं दरपत्रक वाचत राहिला.
मग, "आधी एकच घेत होतो तिच्यातली.
मग तीन.
मग तालमीतल्या एकानं दुसऱ्या दिल्या, जास्त तिखट.
चरबी जाते म्हणाला."
चरबी गेली. मागोमाग मांसही,
माग इतका पळवला की कापडच उसवत गेलं.
स्पर्धेत सहावा आला.

"कायमचं बिघडलं का?" हे त्यानं डॉक्टरांना विचारलं,
मी पडद्याआड नळ्या हलवत होते.
"परत येतं सहसा. सहा आठवडे, तीन महिने, कुणाला जास्त.
पण तुझ्या आईचं गेलंय, ते घराण्यात उतरतं.
उद्या तुझं मंदावलं,
तर ते आपण होऊन मंदावलं की तू ढकललंस,
हे कुठलाच कागद सांगणार नाही.
हृदयाचं मात्र आत्ताच बघून घे."

त्यानं सगळं सोडलं.
सहाव्या आठवड्यात ०.२.
चौदा तास झोपतो म्हणाला, शर्टाची बटणं लागत नाहीत,
आरशावर टॉवेल टाकलाय.

आज तिसरी खेप. बाहेर श्रावणातलं मळभ.
अम्माचा आकडा खाली आलाय, तीनवर.
"सांगितलंस तिला?"
मान हलवली, नाही.
"ती आता प्रत्येक कट्टा दोनदा मोजते, मॅडम.
दिवसाला दोनशे विड्या कमी भरतात.
म्हणते, माझं डोकं गेलंय."

मी रबर सोडला. कापूस दाबून धर म्हटलं.
कुपी भरली होती, कोमट, गडद,
बाहेरून बघून काहीच कळत नाही.
"आकडा कधी?"
संध्याकाळी, म्हटलं. सहानंतर ये.
"आणि तिचं?"
तिचं कसलं, मी विचारलं.
तो कापूस दाबून उभा राहिला,
रक्त थांबून बराच वेळ झाला होता.