पाव गोळी

एकाच्या डोक्यावर आडवी रेघ मारली
की सात होतो, आणि जानेवारीचा जुलै.
शाई निळी होती, रेघ काळी.
मी पाहिलं. दहाची पट्टी काढून दिली.

पद्मावतीच्या चढावर माझं मेडिकल,
काळोखेबाई समोरच्या सोसायटीत, दुसरा मजला.
टेलिफोन खात्यातून रिटायर. बत्तीस वर्षं
कानाला हेडफोन लावून अर्धं पुणं
उरलेल्या अर्ध्या पुण्याशी रात्रभर जोडून दिलं.
यजमानांच्या ऑपरेशनच्या वेळी कुणा डॉक्टरांनी
लिहून दिली होती छोटी गुलाबी गोळी,
‘पंधरा दिवस’, अगदी वाचता येईल अशा अक्षरात.
यजमान गेले.
पंधरा दिवस सात वर्षं चालले.

आधी एक. मग दीड. मग दोन,
आणि दुपारची एक, ‘नुसती पडते हो जरा.’
सहकारनगरातून एक पट्टी, धनकवडीतून एक,
हे तिथल्या पोऱ्यानं सांगितलं चहाच्या टपरीवर,
हसत हसत. मीही हसलो.

दिसत सगळं होतं.
कोपरावरचा हिरवट डाग, ‘बाथरूममध्ये घसरले’,
पायरी शोधत टाकलेलं पाऊल,
तेच वाक्य पुन्हा, पहिल्यांदाच बोलल्यासारखं,
साडीला करपल्या दुधाचा वास.
एकदा मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली.
मी ओ दिली.
गिऱ्हाईक जुनं, पैसे रोख.

मग तपासणी येणार अशी कुणकुण लागली
आणि मला एकदम नीती आठवली.
‘बाई, आता नवी चिठ्ठी आणा.’
त्या काउंटर धरून उभ्या राहिल्या बराच वेळ.
चौथ्या दिवशी स्वारगेटला, कात्रजच्या बसच्या रांगेत
अंग ताठ होऊन पडल्या. तोंडाला फेस.
कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल.
पर्समध्ये माझ्या दुकानाची पिशवी निघाली,
म्हणून फोन मला.

डॉक्टर तांबोळी माझ्या मुलीच्या वयाच्या.
‘सात वर्षं नळ धो धो सोडलात,’ मला म्हणाल्या,
‘आणि एका दिवसात आवळून टाकलात. पाइप फुटणारच.’
बाईंवर मात्र आवाज चढवला नाही.
विचारलं, ‘रात्री नेमकं काय होतं?’
बाई म्हणाल्या, ‘घंटी वाजते.
घ्यायला बोर्ड नसतो समोर.’

उपचार दिसायला किराण्याच्या यादीसारखा.
गुलाबीच्या जागी दुसरी, संथ उतरणारी.
काही आठवडे तेवढीच. मग जरा कमी.
मग पुन्हा थांबायचं. घाई केली तर परत स्वारगेट.
दुकान एकच, एका वेळी सातच दिवसांचं.
ते दुकान माझं. शिक्षा म्हणून की विश्वासानं,
मी विचारलं नाही.

दर सोमवारी ब्लेड घेऊन बसतो.
अर्धी सरळ तुटते. पाव तुटत नाही, चुरा होतो.
चुराही पुडीत घालतो, पुडीवर वार लिहितो.
तिसऱ्या महिन्यात बाईंना भिंतीतून मुंग्या ऐकू आल्या.
शटरपाशी हात जोडले, ‘एकच द्या. देवाशपथ.’
मी फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या,
एक पायरी मागे जा, तिथंच राहा थोडे दिवस.
मागे जाणंही यादीत होतं,
मीच पान उलटून पाहिलं नव्हतं.

काल सोमवार. बाई पुडी न्यायला आल्या,
तक्रार घेऊन. ‘तीनला जाग आली ती पाचपर्यंत.
खालच्या मजल्यावर कुणी तरी खोकतं हो रात्रभर.
सात वर्षांत मला पत्ताच नाही. कोण आहे?’
मी म्हटलं, डोळस. माझ्याकडूनच सिरप नेतात.
‘एकटेच असतात?’
पुडी उचलायची राहून गेली, मागे बोलवावं लागलं.

पुडी अजून पाव आहे.
काउंटरच्या अलीकडे मी एक स्टूल ठेवलंय.
शाई निळी, रेघ काळी दिसली की म्हणतो, ‘बसा.’
पुढचं वाक्य अजून नीट जमत नाही.