फळ्याचं वय

नेब्रास्कातल्या हार्डवेअरच्या दुकानात
रंगाच्या डब्यांमागे टेकवलेला फळा.
मधोमध उडती बदकं, भोवती तारेनं बांधलेली
एकशे बारा काडतुसं, दारू काढलेली.
पितळ काळवंडलं, पुठ्ठ्याची अजून लालभडक.

मी भिंग काढलं.
फळ्याचं वय फळा सांगत नाही,
त्याच्यावरचं सगळ्यात धाकटं काडतूस सांगतं.
ते विसातलं. पंचविसातलं इथं नाहीच.
"बावीस-तेवीस," मी म्हणालो, "अंदाजे."

तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी.
तार तुटलेली नाही, सावकाश उलगडलेली.
तेवढाच कागद पिवळा पडायचा राहिलेला.

"ते एमिलनं नेलं," ऑर्फा बाई म्हणाल्या,
"बेचाळीस साली, ईस्टरनंतरचा सोमवार.
बसला वेळ होता म्हणून आत आला.
रिकामंच आहे गं, म्हणाला, कुणाला लागणार नाही."

वहीत फळ्याच्या सालापुढे
मी प्रश्नचिन्ह काढलं.
भोकापुढे नाही.

एक उणं आहे, चाळीस डॉलर कमी करा,
हे ओठांवर होतं.
तसलंच एक घरी आहे माझ्याकडे, तंबाखूच्या डबीत.
बाई खणात दोरी शोधत होत्या.
"गाडीत उभाच ठेवा," म्हणाल्या,
"आडवा टाकू नका."