झ्लाटकाचा

आमच्या घरात सोनं नव्हतं,
सोन्याची गोष्ट होती.
लासारोकाका ती शुक्रवारी रात्री सांगायचा,
दातांत अडकलेला माशाचा काटा काढत काढत:
झोलोतो म्हणा, झ्लातो म्हणा, अर्थ एकच, सोनं.
आपण झ्लाटकिन. म्हणजे सोनारच की.
झारच्या कुठल्याशा मावशीची कर्णफुलं
आपल्या खापरपणजोबाने घडवली.
(मावशी दर वर्षी बदलायची.
एकदा तर ती आत्या होती.)

ब्यूनोस आइरेसच्या धक्क्यावर
आमचा झ कुणाच्या जिभेवर बसेना.
उतरलो ते स्लाटकिन होऊन.
पुढे रोसारिओत काकाने दुकान टाकलं,
पाटीवर पत्र्याची मोठी अंगठी
आणि अंगठीत चिमणीचं घरटं.
गिऱ्हाईक नसलं की तराजू पुसत बसायचा.
म्हणायचा, आडात आहे म्हणून पोहऱ्यात आलं.

मी त्या आडात वाकले
काका नव्वदीला टेकला तेव्हा.
मिन्स्कच्या दप्तरखान्यातल्या बाईंना
तीन पत्रं, दोनदा पैसे,
मग एक पिवळट पान, फोटोतही ओल आलेलं:
सन अठराशे अकराची शिरगणती, द्नीपरकाठचं गाव.
त्या वर्षी फक्त पुरुष मोजले होते.
बायका नाहीत, पोरी नाहीत,
कर भरायला जे येणार नाही ते जन्मलंच नाही.

आणि बाविसाव्या ओळीत, तिरप्या शाईत,
मोव्शा, वय एकोणीस, बाप मयत,
धंदा: आईबरोबर बदकांची पिसं विकणे.
आडनाव: झ्लाटकिन.

पिसं.

मला तो कारकून दिसतो,
बोटं गारठलेली, अजून अर्धं गाव बाकी.
आडनाव सांग.
मोव्शाला आडनाव म्हणजे काय तेच ठाऊक नाही.
बरं, कुणाचा रे तू?
हे मात्र त्याला गल्लीत रोज विचारत,
पिसांचं गाठोडं डोक्यावरून उतरवताना.
झ्लाटकाचा, तो म्हणाला.
रशियनमधलं ते शेपूट, इन,
म्हणजे नुसतं 'चा'.
बस, एवढंच आहे आमचं घराणं:
एक बाई, आणि तिच्यामागे एक चा.

मोजायची नव्हती ती बाई.
पोराच्या तोंडून निसटली आणि कागदावर पडली,
उशीच्या शिवणीतून पीस निसटतं तशी.
मग दोनशे वर्षं पुरुषांनीच वाहिली तिला,
टोप्यांखाली, पासपोर्टात, थडग्यांवर,
काकाच्या पाटीवर,
कुणी एकदाही विचारलं नाही, बाई गं, तू कोण?

काकाला सांगायला नको होतं, असं आई म्हणाली.
मी सांगितलं.
तो बराच वेळ काहीच बोलला नाही.
मग उठला, आतून आपली उशी आणली,
कोपरा कात्रीने उसवला,
एक पीस चिमट्यात धरून
सोन्याच्या तराजूत ठेवलं.
पारडं हललं नाही.
तराजू बिघडलाय, तो म्हणाला,
आणि दुसरं ठेवलं. मग तिसरं.
मी निघाले तेव्हा तो अजून ठेवत होता,
पंख्याची हवा लागू नये म्हणून
ओंजळीचा आडोसा करून.

पुढच्या शुक्रवारी मावशी नव्हती गोष्टीत.
म्हणाला, पिसांच्या धंद्यात नाक फार चोंदतं,
जणू त्याला आधीपासून माहीत होतं.

आता रात्री मीच कधीकधी ते पान काढते.
कडेला पाण्याचा डाग आहे,
डागाखाली शाईचे दोन आकडे, लागत नाहीत.
मोव्शा झ्लाटकाचा.
आणि झ्लाटका?
तिला कुणी विचारलं असेल का कधी,
बाजारात, नदीवर, लग्नाच्या बोलणीत,
कुणाची गं तू?
काय म्हणाली असेल.
मी पुन्हा वाकते. खोल आहे.
पोहरा टेकल्याचा आवाज
अजून आलेला नाही.