की म्हणजे हो

कुलूप उघडत नाहीये.
चार रात्रींचे पैसे आगाऊ भरलेत, म्हणजे दार माझंच,
आणि कुताइसीच्या या उताराच्या गल्लीत
रात्री साडेनऊला
मी कुलपाशी हळू आवाजात मराठीतून भांडतेय :
"फीर की रे बाबा. फीर की."

सकाळी बहिणीला फोनवर सांगितलं होतं, मजेत.
त्या एका शब्दात काय काय कोंबून बसवलं होतं
ते माझं मला ठाऊक.
वेटरनं समोरची रिकामी खुर्ची उचलून
शेजारच्या सहा जणांना दिली, ते.
बसस्टँडच्या संडासात
सॅक गळ्यात, पासपोर्ट दातांत, ते.
आणि ड्रेसची चेन, जी पाठीच्या बरोबर मधोमध अडकली,
जिथे माझा कुठलाच हात पोचत नाही.
आरशाकडे पाठ करून
हँगरच्या आकड्यानं ओढून पाहिली.
मग वरून ओढणी घेतली
आणि दिवसभर शहर बघितलं, पाठ भिंतीकडे ठेवून.

व्हॅनचा ड्रायव्हर एक बोट वर करून विचारतो : एकच?
मीही एक बोट वर करते.
शाळेत असंच करंगळी दाखवून उभं राहायचो,
बाई हो म्हणेपर्यंत.
इथे बाई कोण, ते अजून कळलेलं नाही.

गाडी भरल्याशिवाय निघत नाही.
पाऊण तास आम्ही दोघंच, मी आणि एक टोमॅटोची पाटी.
मग मागून एक पोरगं ओरडलं, "मामा!"
आणि अख्ख्या गाडीत मीच तेवढी मान वळवून पाहिलं,
जणू भुसावळहून आईचा भाऊ
केळ्यांचा घड घेऊन चढणार होता.
पोरगं बापाच्या मांडीवर जाऊन बसलं.
इथे बापाला मामा म्हणतात.

पावाला पुरी म्हणतात.
भट्टीच्या खिडकीतून येते, कोपरापासून बोटांपर्यंत लांब,
कागदाची एक पट्टी गुंडाळून, हात भाजणारी.
पहिल्या दिवशी अर्धी तोडली आणि तशीच उभी राहिले,
अर्धी कुणाला द्यायची.
दुसऱ्या दिवशी अर्धी सॅकमध्ये वाळून गेली.
आज सगळी खाल्ली.
रिओनीच्या पुलावर, चालता चालता,
कुणासाठीही न थांबता,
आणि खरं सांगते, थोडी लाजही वाटली
इतकी ती चांगली लागली.

"अरा, अरा!"
समोरच्या जिन्यावरून एक बाई उतरतेय, सपाता वाजवत.
मला वाटलं, अगं म्हणतेय.
ती नाही म्हणतेय.
नानुली तिचं नाव, ते नंतर कळलं.
ओले अक्रोड सोलून बोटं काळी झालेली.
तिनं दार स्वतःकडे ओढलं,
किल्ली उलटी फिरवली, दोनदा.
"की," ती म्हणाली. "की, की."
की म्हणजे हो.
मग दार.

मी धन्यवाद कुठल्या भाषेत म्हणावं ते शोधतेय
तोवर ओढणी घसरली,
आणि तिनं न विचारता
माझ्या पाठीला हात घातला. सर्रर्र,
चेन थेट मानेपर्यंत.
मायेनं एक थाप.
गेलीसुद्धा.

आता कसं सांगू, बाई,
मी आत जाऊन
हा ड्रेस काढणार होते.

ड्रेस घालूनच झोपले.
सकाळी आरशात मानेखाली काळे ठसे,
दोन बोटांचे आणि एका अंगठ्याचा.
धुवायला काढायचा तर आधी चेन.
फोन वाजला. बहीण.
"राहशील ना गं एकटी, अजून आठवडाभर?"

"की," मी म्हणाले.

"की काय?"