काडी पडता कामा नये

वेइक्को सारेला दुकानात येतो तो स्वतःचा सांधा घेऊन,
पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला.
वीतभर रूळ, मधेच दुभंगलेला,
आणि दुभंगतो तिथं बोटाच्या पेराएवढं काळं प्लास्टिक,
ज्यातून वीज जात नाही.
"तुझ्या काउंटरवरचा सरळ रूळ काय, कुणालाही जमतो," म्हणतो.
बाहेर डुलूथचा मार्च. सरोवरावरचा बर्फ अजून करकरतोय.
त्याच्या टोपीतलं पाणी माझ्या काचेवर ठिबकतं.
"माझेही सांधे असेच," गुडघ्यावर थाप मारतो,
"मधल्या जागेत करंट नाही."

मी खोकी उघडते.
आधी हिरवं, पितळी घंटेचं, कपाटातलं सगळ्यांत महाग.
धूर सोडतं, शिट्टी घालतं,
आणि सांध्यावर येऊन गपकन मरतं.
बोटानं जरा ढकललं की चालेल पुढं, मी सुचवते.
"यार्डात बोट कुणाचं आणायचं?"
तो ते उचलतो आणि खोक्यात ठेवतो हळूच,
पाहुण्यांचं झोपलेलं मूल ठेवावं तसं.

दुसरं नॉबला हात लागायचा अवकाश, उडी मारतं.
वेइक्कोच्या तोंडाची रेघ होते.
तो काही बोलत नाही. मीही झाकण लावून टाकते.

तिसरं चार चाकांचं, काडेपेटीएवढं.
मला स्वतःला फार आवडतं ते. खपत नाही.
दोन रिकामे डबे लावले तर चाकं जागच्या जागी गरगरतात,
घरात शब्दाला वजन नसलेल्या धाकट्या दिरासारखी.
पोटात शिसं भरून देईन म्हटलं,
तर तो उलटं करून बघतो, आत जागाच नाही.

मग तळाच्या फळीवरचं, जुनं.
कुणाच्या तरी विधवेनं खोकंभर सामानात विकलेलं,
रंग उडालेला, नंबर अर्धा, मागची एक पायरी तुटलेली.
पण आठही चाकं रुळातून वीज पितात,
आणि आत दोन जड चकत्या, फिरत राहणाऱ्या,
वीज क्षणभर तुटली तरी ज्यांना थांबायची घाई नसते.
वेइक्को मनगटावरचं घड्याळ काढून रुळाशेजारी ठेवतो.
एका स्लीपरवरून दुसऱ्यावर: चार सेकंद.
सांधा येतो.
सांधा जातो.
आम्ही दोघंही वाकलेले, श्वास धरून,
दोन म्हातारी माणसं मुंगीची वाट बघत.

आता तो खिशातून आगकाडी काढतो,
बुडाला मेणाचा ठिपका, रुळाच्या मधोमध उभी करतो.
डबा इंजिनाच्या पुढं.
"हिला टेकायचं," म्हणतो, "पाडायचं नाही."

मला कुणी सांगावं लागत नाही.
या गावात साठीच्या पुढच्या सगळ्यांना ठाऊक आहे
एकाहत्तरचा जानेवारी, लोहखनिजाचा धक्का,
दोन डब्यांच्या मधे वाकलेला आर्ने मोएन,
आणि हातात कंदील धरून इशारा देणारा पोरगा,
ज्यानं 'हळू' दाखवलं होतं.
हळूच दाखवलं होतं.
इंजिन हातभर जास्त आलं.

डबा येतो. काडीला टेकतो.
काडी थरथरते, जशी खोलीत कुणी दार उघडल्यावर ज्योत,
आणि उभी राहते.

पुन्हा, तो म्हणतो.
पुन्हा उभी राहते.
सात वेळा. आठव्यांदा मीच नॉब बंद करते.

मग किमतीची घासाघीस, नेहमीसारखी:
रंगाचे पाच डॉलर कमी, नंबराचे दोन.
पायरीचे मी आपण होऊन तीन कमी करते.
"पायरीचे नको," तो म्हणतो. "ती मी आज रात्रीच बसवतो."
अहो, घाई कसली, मी म्हणते, दिसतसुद्धा नाही.
तो सांधा पावाच्या पिशवीत गुंडाळतो, टोपी घालतो.
"पायरी नसेल तर ब्रेकमन उभा कुठं राहणार?"